सायकलवर सामान कसं लावायचं: मराठवाड्यातल्या पहिल्या लांब सफरीची तयारी

पहिल्या लांब सफरीला निघणारे बहुतेक जण सायकल निवडण्यात दोन महिने घालवतात आणि सामान आदल्या रात्री जमेल तसं बांधतात. माझा आग्रह याच्या उलट आहे. घरात धडधाकट सायकल असेल तर तीच घ्या, ती नीट तयार करा आणि खरा वेळ सामानाला द्या. किती घ्यायचं, कुठं लावायचं आणि कसं आवळायचं, या तीन गोष्टी जमल्या की साध्या सायकलवरही माणूस आठवडाभर आनंदानं फिरतो. त्या चुकल्या तर महागडी सायकलसुद्धा दुसऱ्याच दिवशी नको वाटते.

मी लातूरचा. माझ्या सफरी बहुतेक लातूर, धाराशिव, बीड, परभणी आणि नांदेड या पट्ट्यातल्या. त्यामुळं इथले रस्ते, इथली काळी माती, बाभळीचे काटे आणि ऊन धरूनच हे लिहितोय. रोज ५०-६० किलोमीटर, चार-पाच दिवस, रात्री लॉज किंवा भक्तनिवासात मुक्काम, अशी सफर डोळ्यांसमोर आहे. तंबू आणि स्टोव्ह घेऊन फिरण्याचा विषय पुढचा. पहिल्या वेळी तो नकोच.

सायकल कशी असावी

गियरची हायब्रिड (रस्त्याची आणि डोंगरातली यांच्या मधली) चालते, साधी एमटीबी (जाड टायरची, डोंगरातली) चालते. बारीक टायरची रेसिंग सायकल नको. तुमच्याकडं जी आहे तिच्यात चार गोष्टी बघा.

पहिली, मागच्या चाकाच्या एक्सलजवळ फ्रेमला बोल्टासाठी आटे पाडलेली भोकं आहेत का. सीटखालच्या दांड्यांवरही तशीच दोन असतात. कॅरियर तिथं बसतं. दुसरी, टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये किमान बोट जाईल एवढी जागा आहे का. ही जागा का लागते ते पावसाळ्यानंतर शेतरस्त्यानं गेल्याशिवाय कळत नाही. काळी माती टायरला चिकटते, मडगार्डखाली साचते, घट्ट होते आणि शंभर पावलांत चाक फिरायचं थांबतं. परतीच्या पावसानंतर ऑक्टोबरात एकदा मी काडीनं चिखल उकरत अर्धा किलोमीटर सायकल ढकलली, शेवटी मडगार्ड सोडवूनच पुढं गेलो. शेतरस्ता ओला असेल तर डांबरी रस्त्यानं लांबचा वळसा घ्या, तोच लवकर पोचवतो.

तिसरी गोष्ट गियर. पुढच्या सगळ्यात लहान चक्राचे दाते मोजा आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राचे मोजा. पुढचे दाते मागच्यांपेक्षा कमी किंवा फार तर तेवढेच असावेत. पुढं २२ आणि मागं ३४ असतील तर पायडलच्या एका फेरीत चाक जेमतेम दोन तृतीयांश फिरतं, म्हणजे चढावर ताकद कमी लागते. मराठवाडा सपाट आहे असं बाहेरची माणसं समजतात. बालाघाटाच्या डोंगररांगेतला किंवा खुलताबादकडचा कुठलाही घाट सामानासह चढला की तो गैरसमज जातो. सोलापूरकडून तुळजापूरला येताना, बीडजवळ मांजरसुंब्याला, दौलताबादवरून खुलताबादला चढताना हा लहान गियर गुडघे वाचवतो.

चौथी, टाच. मागं बॅग लावली की पायडल मारताना टाच तिला लागता कामा नये. काही सायकलींचा मागचा भाग आखूड असतो, तिथं कॅरियरवर बॅग थोडी मागं सरकवावी लागते. हे घरीच तपासा, कारण दिवसाला हजारो वेळा टाच घासली तर बॅग फाटते आणि पायही बिघडतो.

बिनगियरची जुनी काळी सायकल? माझ्या मनात तिच्याबद्दल फार आदर आहे. तिचं कॅरियर पोतं उचलतं आणि तिचा २८ × १½ मापाचा टायर कुठल्याही बाजारगावात मिळतो. नांदेड-परभणीच्या सपाट पट्ट्यात ती घेऊन जरूर जा. घाटात उतरून चालायची तयारी ठेवा, बस.

बसण्याचं माप

सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पंजा पायडलवर येतो आणि गुडघा थोडा वाकलेला राहतो, तो बरोबर असतो. नव्या माणसाची सीट जवळजवळ नेहमी खाली असते, कारण बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकावेत असं त्याला वाटतं. त्यानंच गुडघे दुखतात. हँडल सीटच्या उंचीला किंवा थोडं वर ठेवा. तळहाताला मुंग्या येत असतील तर वजन हातांवर जास्त पडतंय असं समजा. सापडलेल्या मापावर सीटच्या दांड्याला इन्सुलेशन टेपचा एक वेढा मारून ठेवा, सीट कधी काढली किंवा घसरली तर खूण राहते.

चाकं, टायर आणि काटे

सामानाचा मार मागच्या चाकावर बसतो, म्हणून निघण्याच्या पंधरा दिवस आधी मागचं चाक जाणत्या मिस्त्रीकडून तपासून घ्या. त्याला सांगा, नुसता आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढू नको, सगळ्या तारा सारख्या ताणून दे. घरी तपासायची सोपी रीत आहे. चाक हळू फिरवत एकेक तार नखानं छेडा. एका बाजूच्या तारा साधारण एकाच सुरात वाजल्या पाहिजेत. एखादी ‘टण्ण’ऐवजी ‘थप्प’ वाजली तर ती ढिली आहे, आणि ढिली तार शेजारच्या तारांवर भार टाकून त्यांना तोडते. ३२ किंवा ३६ तारांचं, डबल वॉलच्या रिमचं चाक असेल तर निर्धास्त राहा. आपल्या चाकाच्या मापाच्या दोन-तीन तारा फ्रेमच्या दांड्याला टेपनं चिकटवून न्या, कारण ते माप गावातल्या दुकानात मिळेलच असं नाही.

टायर ७०० मापाचा असेल तर रुंदी ३५ ते ४० मिलिमीटर, २६ इंची असेल तर १.७५ ते २ इंच. एमटीबीचे खडबडीत गुठळ्यांचे टायर डांबरावर दम काढतात. मधून गुळगुळीत, कडेला नक्षी असा टायर बसवा. हवेचा आकडा टायरच्या बाजूवर छापलेला असतो, त्याच्या वर जायचं नाही. सामानासह ४० मिलिमीटरच्या टायरला मागं ५५-६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि पुढं ५० च्या आसपास ठेवून सुरुवात करा, मग आपल्या वजनाप्रमाणे बदला. हवा कमी असेल तर खड्ड्यात रिम ट्यूबला चावते आणि ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं हवा भरताना त्याला थांबत थांबत भरायला सांगा. मोटारसायकलच्या सवयीनं त्यानं दाबून धरलं तर सायकलची ट्यूब क्षणात फुटते. तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, टोकाला स्क्रू असलेला असेल तर त्यावर बसणारी पितळी टोपी, जिला दुकानदार कन्व्हर्टर म्हणतात, ती दोन नग खिशात ठेवा. तिच्याशिवाय कॉम्प्रेसरची नळी बसत नाही.

आता काटे. आपल्याकडं पंक्चरचं मुख्य कारण खिळा नाही, काटा आहे. रस्त्याच्या कडेची वेडी बाभळ छाटतात तेव्हा फांद्या साइडपट्टीवर पडून राहतात. पावसाळ्यानंतर सराटे पसरतात आणि एका सराट्यानं टायरला चार ठिकाणी टोचून ठेवलेलं असतं. म्हणून विसाव्याला रस्त्यावरून खाली उतरायचं असेल तर सायकल लोटत नेऊ नका, मागून उचलून धरा किंवा डांबराच्या कडेलाच उभी करा. बाभळीच्या सावलीत तर सायकल न्यायचीच नाही.

पंक्चर झालं तर ट्यूब बदलणं हे अर्धंच काम आहे. टायर आतून तपासणं हे उरलेलं अर्धं. उघड्या बोटानं चाचपू नका, बोटात काटा जातो. पंचाचं टोक टायरच्या आतून फिरवा, काटा असेल तिथं धागा अडकतो. बाभळीचा काटा बाहेरून मोडलेला असतो, वरून काही दिसत नाही, पण आत दोन मिलिमीटर टोक उभं असतं. ते चिमट्यानं किंवा नेलकटरनं ओढून काढल्याशिवाय नवी ट्यूब घातली तर पुढच्या किलोमीटरमध्येच ती बसते. जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह कापून, ती उभी चिरून, टायर आणि ट्यूबच्या मध्ये अस्तरासारखी घालायची गावाकडची युक्ती खरोखर काम करते. चाक थोडं जड होतं, पण काट्यांच्या मुलखात मी ते खुशीनं सोसतो.

कॅरियर

या कामात कंजुषी नको. एक्सलजवळ दोन्ही बाजूंनी आणि सीटखाली दोन्ही बाजूंनी, असं चार ठिकाणी बोल्टनं बसणारं कॅरियर घ्या. लोखंडी असेल तर उत्तम, तुटलं तर कुठल्याही वेल्डिंगच्या दुकानात जोडून मिळतं. अॅल्युमिनियमचं वेल्डिंग खेड्यात होत नाही. कॅरियरवर किती किलो चालतात ते कोरलेलं असतं, बहुतेकांवर २५. सीटच्या दांड्याला एकाच क्लॅम्पनं लटकणारं कॅरियर सफरीला घेऊ नका, ते डुलतं आणि भार आल्यावर फिरून चाकाला घासतं. डिस्क ब्रेक असेल तर त्यासाठी पाय बाहेर काढलेलं कॅरियर मागा.

बोल्ट साधारणपणे ५ मिलिमीटरचे असतात. प्रत्येकाखाली वायसर, जिथं मागून नट बसतो तिथं आत नायलॉनची कडी असलेला नट, आणि जिथं बोल्ट थेट फ्रेममध्ये जातो तिथं आट्यांवर नेलपॉलिशचा थेंब. ही शेवटची गोष्ट मी एका दुपारी शिकलो.

लातूरहून अंबाजोगाईला निघालो होतो. रेणापूरच्या पुढं रस्ता उखडलेला होता, तासभर सायकल थरथरत होती. मागं बारीक ‘टिक-टिक’ येत होतं, मला वाटलं डब्यातला चमचा वाजतोय. डावीकडचा खालचा बोल्ट कधी पडला ते कळलंही नाही. एका खड्ड्यात कॅरियरचा पाय सुटला, बॅग आत झुकली आणि तिचा पट्टा तारांमध्ये गुंडाळला. वेग कमी होता म्हणून पडलो नाही, पण तीन तारा वाकल्या. शेजारच्या शेतात तुरीला पाणी देणारे एक काका आले. त्यांनी पंपाच्या खोलीतून बांधायची तार आणली, चार वेढे घेऊन पक्कडीनं पीळ दिला आणि म्हणाले, “जावा आता, अंबाजोगाईपस्तोर काय होत नाही.” खरंच झालं नाही. तेव्हापासून दोन जादा बोल्ट सायकलच्याच दुसऱ्या एका मोकळ्या आट्यात बसवून ठेवतो, म्हणजे शोधावे लागत नाहीत. वाटेत कुठलाही नवा आवाज आला की थांबतो. रोज सकाळी निघण्याआधी चारही बोल्ट एलन कीनं (षटकोनी किल्लीनं) चाचपतो, त्याला दोन मिनिटं लागतात.

बॅगा

पाठीवर सॅक नको. खांदे दुखतात, पाठ घामानं भिजते आणि वजन वर गेल्यानं तोल बिघडतो. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगा, म्हणजे पॅनियर, हाच सरळ उपाय. वारकऱ्याची पडशी जशी खांद्याच्या पुढं-मागं सारखी पडते, तशीच ही डावी-उजवी सारखी पडते.

विकत घेता आल्या तर तीन गोष्टी बघा: वरचे हूक कॅरियरच्या नळीवर घट्ट बसतात का, खाली एखादा हूक किंवा इलॅस्टिक आहे का, आणि मागची बाजू ताठ आहे का. विकतच्या महाग वाटत असतील तर मोटारसायकलची सीटकव्हरं शिवणाऱ्याकडून जाड रेक्झिनच्या शिवून घ्या. आत मागच्या बाजूला पातळ प्लायवुड किंवा प्लास्टिकचा तक्ता घालायला सांगा, नाहीतर कापड आत फुगून तारांना लागतं. वर हूक, आणि खाली एक्सलजवळ ताणून बांधायला ट्यूबच्या रबराचा पट्टा. दूधवाले कॅन ज्या रबरानं बांधतात तेच हे रबर. बंजी कॉर्डपेक्षा मला ते जास्त भरवशाचं वाटतं: ताण धरून राहतं, सुटून डोळ्यावर येत नाही आणि पंक्चरच्या दुकानात मागितलं तर कुणीही देतं.

पावसासाठी महागडं कव्हर लागत नाही. खताच्या पोत्याच्या आत प्लास्टिकची पिशवी असते, ती साबणानं दोनदा धुऊन, वाळवून बॅगेत अस्तर म्हणून घाला, सामान भरा, तोंडाला पीळ देऊन दुमडा. बाहेरची बॅग ओली झाली तरी कपडे कोरडे राहतात.

काय घ्यायचं

सगळं सामान पाणी सोडून १० ते १२ किलोंत बसवा. आधी सतरंजीवर मांडा, बघा, आणि मग काढायला लागा.

कपडे: चालवायचे दोन जोड, संध्याकाळचा एक. एक जोड रात्री धुवायचा, सकाळपर्यंत वाळतो. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडं पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा एक स्वेटर, कानटोपी आणि हातमोजे लागतातच. टॉवेल घरी ठेवा, पंचा घ्या. अर्ध्या तासात वाळतो, ऊन लागलं की डोक्याला बांधता येतो, जेवताना पसरता येतो आणि वर सांगितलं तसा टायरमधला काटाही शोधतो. चप्पल एक. जीन्सची पँट नको, ती जड असते आणि ओली झाली की दोन दिवस वाळत नाही.

हत्यारं: दोन ट्यूब, पंक्चरचं पॅच-सोल्यूशन (डबी आधी उघडून बघा, सोल्यूशन वाळलेलं असतं), टायर रिममधून काढायचे दोन टायर लिव्हर, हवेचा छोटा पंप, ४, ५ आणि ६ नंबरच्या एलन की, चेन तोडायचं हत्यार आणि एक जोडकडी, स्क्रूड्रायव्हर, छोटी पक्कड, वीतभर बांधायची तार, दहा-बारा केबल टाय, ट्यूबच्या रबराचे दोन पट्टे, एक ब्रेक केबल, एक गियर केबल, तेलाची छोटी बाटली. इन्सुलेशन टेपचं बंडल नेऊ नका, पंपालाच चार-पाच वेढे गुंडाळून ठेवा.

औषधं: ओआरएसची पाकिटं, पट्टी, जखमेचं मलम, तापाची गोळी, आपली रोजची औषधं. मांड्या घासतात तिथं लावायला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन. पहिल्या सफरीत याची गरज पडतेच, म्हणून आधीच लावा, घासल्यावर नाही.

खाणं: दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस टिकते, धपाटे दीड दिवस. गूळ आणि भाजलेले शेंगदाणे हँडलजवळच्या पिशवीत, हाताशी. भूक लागायची वाट न बघता दर तासाला मूठभर खा. हॉटेलं आणि टपऱ्या दर दहा-पंधरा किलोमीटरवर भेटतात, म्हणून चार दिवसांचं अन्न लादायचं कारण नाही. सीताफळाच्या दिवसांत बालाघाटातून गेलात तर वाटेतच टोपल्या घेऊन बसलेली माणसं भेटतील, तिथं थांबा.

पाणी: एक लिटर म्हणजे एक किलो, हे विसरू नका. हिवाळ्यात दोन लिटर पुरतं, कारण भरून घेता येतं. मार्चनंतर चार लिटरशिवाय निघू नका. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, त्या दोन महिन्यांत नवख्यानं सफर काढूच नये. ऑक्टोबर मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ खरा.

वजन कुठं लावायचं

बैलगाडी भरणाऱ्याला हा धडा शिकवावा लागत नाही. कडबा मागं जास्त रचला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उठायला बघतं. सगळं पुढं रचलं तर जू मानेवर बसतं. अनुभवी माणूस दांडी हातानं उचलून बघतो आणि दोन पेंढ्या पुढं-मागं करतो. सायकलही उलाळ होते. सगळं सामान मागच्या कॅरियरवर लादलं की चढाला पुढचं चाक हलकं होतं, हँडल हातात ठरत नाही, सायकल सापासारखी चालते.

मी हे डोळ्यांनी पाहायचं ठरवलं. एका ओळखीच्या आडत दुकानात, जिथं सोयाबीनची पोती तोलतात, त्या काट्यावर भरलेली सायकल नेली. सायकल १५ किलो, सामान १४ किलो, सगळं मागं बांधलेलं. मागचं चाक काट्यावर ठेवून पुढचं तेवढ्याच उंचीच्या फळीवर टेकवलं: काटा २१.५ वर. मग पुढचं चाक: ७.५. हमालीचं काम करणारे दोघे बघत होते, त्यातला एक लगेच म्हणाला, “उलाळ झाली की!” मग हत्यारं, ट्यूबा आणि खाण्याचा डबा असं चार किलो वजन पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, एक्सलच्या उंचीला लावलं. आता मागं १८, पुढं ११. बाजार समितीच्या आवारातच एक चक्कर मारली. वजन तेवढंच होतं, पण सायकल हातात आली.

तुमच्याकडं पुढं शॉकअप असेल तर तिथं कॅरियर बसवणं अवघड जातं. मग फ्रेमच्या त्रिकोणात जागा शोधा. तिथं दोन बाटल्या आणि एक छोटी हत्यारांची पिशवी लावा. सायकलवरची सगळ्यात चांगली जागा तीच, मधोमध आणि खाली. हँडलच्या पिशवीत मात्र दोन किलोंच्या वर नको.

बॅग भरताना जड वस्तू तळाला आणि चाकाच्या बाजूला: औषधांचा डबा, चार्जर, चप्पल. कपडे वर. डावी-उजवी बॅग सारखी हवी, अर्ध्या किलोचा फरक चालतो, दोनाचा नाही. घरी ताणकाटा नसेल तर वजनाच्या मशीनवर बॅग घेऊन उभं राहा आणि आपलं वजन वजा करा. दिवसभरात लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे पंप, ट्यूब, स्वेटर आणि पंचा, वर ठेवा. पंक्चर झाल्यावर रस्त्याच्या कडेला सगळी बॅग उपसायची वेळ येऊ नये. कॅरियरच्या वर मधे काही बांधायचं असेल तर ते हलकं असू द्या, चादर किंवा झोपायची मॅट.

शेवटी हलवून बघा. सीट धरून सायकल डावी-उजवीकडं जोरात हिसडा. जे सामान सायकलनंतर हलतं, म्हणजे सायकल थांबली तरी झुलत राहतं, ते परत बांधा. लटकणारे पट्टे, दोऱ्या, चार्जरच्या वायरी सगळं आत खोचा. तारांपर्यंत पोचू शकेल असं काहीही मोकळं राहता कामा नये.

चाचणी

सफरीच्या आधी एक दिवस पूर्ण सामानासह जाऊन या. रिकाम्या सायकलवर केलेला सराव इथं कामाला येत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला वेरूळ उत्तम: एका बाजूनं ३० किलोमीटर, वाटेत दौलताबादचा किल्ला, मग दिल्ली दरवाजाच्या कमानीतून खुलताबादचा चढ आणि पुढं वेरूळचा उतार. चढावर गियर कळतो, उतारावर ब्रेक. लातूरकरांनी औसा गाठावं आणि दम असेल तर पुढं खरोसा लेणी. नांदेडकरांना लोह्यावरून कंधारचा किल्ला आहे.

भरलेली सायकल थांबायला जास्त अंतर घेते. उतारावर दोन्ही ब्रेक वापरा, सतत दाबून न धरता दाबा-सोडा करा. स्टँडवर भरवसा नको, मऊ मातीत तो रुततो आणि सायकल आडवी होते. मैलाचा दगड, भिंत किंवा झाड बघून टेकवा आणि पुढचा ब्रेक रबराच्या पट्ट्यानं आवळून ठेवा, म्हणजे ती पुढं सरकत नाही. चढताना पाय मागून टाकू नका, बॅगेला अडकतो. सायकल आपल्याकडं झुकवून, फ्रेमवरून पाय न्या.

रस्त्यावर

समृद्धी महामार्गावर सायकलला बंदी आहे, दुचाकीलाही आहे, तेव्हा जालना-संभाजीनगर भागात नकाशा बघताना तो रस्ता वगळा. चौपदरी महामार्ग वेगाचा असला तरी कडेला पट्टी असते, त्यामुळं काही वेळा तो अरुंद राज्यरस्त्यापेक्षा बरा. नोव्हेंबरपासून कारखाने चालू झाले की उसाचे ट्रॅक्टर निघतात, मागं दोन-दोन ट्रॉल्या. चालकाला मागचं दिसत नाही, गाण्याच्या आवाजात घंटी ऐकू येत नाही आणि दुसरी ट्रॉली वळणावर आत येते. त्याला मागं टाकायची घाई करू नका, आणि मागून तो येत असेल तर सरळ डांबर सोडून उभे राहा. हँडलला आरसा लावा. मागं लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. बॅगांच्या मागच्या बाजूला चमकणारी पट्टी शिवून घ्या. अंधार पडल्यावर चालवायचं नाही, हा नियम मी एकदाही मोडत नाही.

पहाटे उजाडता उजाडता निघा. अकरापर्यंत चाळीस किलोमीटर होतात, मग सावलीत जेवण, थोडा आराम, आणि उरलेलं अंतर चारनंतर. मुक्कामाची चौकशी आधी फोन करून ठेवा. तुळजापूर किंवा परळीला जत्रेच्या, सणाच्या दिवसांत खोली मिळत नाही.

परत आल्यावर

आंघोळीआधी सायकल. चेनमध्ये काळी माती राहिली तर ती घासण्याच्या कागदासारखं काम करते, म्हणून ब्रश आणि रॉकेलनं पुसून कोरडी करा आणि प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब द्या. मग बॅगा सतरंजीवर ओता आणि दोन ढीग करा: वापरलेलं आणि न वापरलेलं. हत्यारं, औषधं आणि स्वेटर सोडून न वापरलेल्या ढिगातली प्रत्येक वस्तू वहीत लिहा. माझ्या पहिल्या सफरीच्या पानावर नऊ वस्तू आहेत, त्यात दोन किलोंचा स्टीलचा डबा आणि एक जाड चादर. दुसऱ्या सफरीच्या पानावर तीनच आहेत.